लूनच्या पोटातला काटा

फर्गस फॉल्स, १२ एप्रिल

गेलन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. शोधू नकोस.

ईस्टरच्या जेवणात, हॅम कापता कापता, माझ्या लेकीसमोर तू जे बोललास त्यानंतर मी तुझा फोन उचलणार नाही. काही सांगायचं असेल तर लिहून पाठव. कागदावर निदान मध्येच तोंड घालता येत नाही. वडेनाहून इथे पत्र यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात तुझं डोकं थंड होईल अशी आशा आहे. माझं होणार नाही.

"एकट्या बाईने ट्रेलर घेऊन हिंडायचं म्हणजे मरणाला आमंत्रण," म्हणालास. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच बसले होते, बटाटे वाढत. मला कोणी विचारलं नाही.

त्याचा परिणाम ऐक. माझ्याच नवऱ्याने, वर्लिनने, जाता जाता पिकअप गाडी जनेलच्या नावावर केली, मागून कागदपत्रांचा त्रास नको म्हणून. म्हणजे चाकांवरचं घर, तो ट्रेलर, माझा आणि तो ओढणारी गाडी मुलीची. आता तिने अट घातली आहे: गेलनमामाने सगळं तपासून 'ठीक आहे' म्हटलं तरच किल्ल्या मिळतील. नाहीतर ट्रेलर विकायचा आणि मी तिने पाहून ठेवलेल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला जायचं. एकाहत्तराव्या वर्षी मला मुलीकडे किल्ली मागावी लागते आहे, आणि ती किल्ली धाकट्या भावाच्या मिशीत अडकली आहे.

ऑगस्टमध्ये मी मोंटानात जाणार. मिसूरी नदीच्या काठावर, जिथे आम्ही दोघं दर वर्षी जायचो. का, ते विचारू नकोस. तू बदकं मारायला जातोस तेव्हा तुला कोणी विचारतं का?

माझा प्रश्न एवढाच आहे. ट्रेलरच्या जुन्या गॅसच्या टाक्यांची मुदत संपली, आता कोणी भरून देत नाही. नव्या दोन घ्यायच्या आहेत. आत किती गॅस उरला ते दाखवणारा काटा ज्यांच्यातच बसवलेला असतो तशा मला हव्यात. वीस पौंडी घेऊ की तीस? आणि कशाकशाकडे लक्ष द्यायचं? या विषयावर काय ते लिही. बाकीचा उपदेश आर्डिसला ऐकव, लग्न करून तिने तो पत्करला आहे.

मार्लिस

*

वडेना, १७ एप्रिल

प्रिय मार्लिस,

मी 'प्रिय' लिहितो, कारण मला आईने वळण लावलं. तुलाही लावलं होतं, ते कुठे गेलं कोण जाणे.

काट्याच्या टाक्या म्हणजे आळशी माणसांचा खेळ. वर्लिनकडे कधी काटा होता का? तो चहाची किटली गरम करायचा, टाकीच्या अंगावरून पाणी सोडायचा आणि मग तळवा फिरवत खाली यायचा. जिथे हाताला गार लागलं तिथपर्यंत गॅस. तीस वर्षं त्याचं काही अडलं नाही. त्याच्या नावाने तिकडे जायचं म्हणतेस आणि त्याचीच रीत मोडतेस?

काटा खोटं बोलतो. ट्रेलर जरा तिरका उभा राहिला की आत तरंगणारा गोळा हलतो आणि काटा भलतंच दाखवतो. गॅसला कंपनी वास कशाला घालते? माणसाला नाक दिलं आहे म्हणून. माझं नाक हाच माझा काटा. चाळीस वर्षांत मी एकही गळती नाकाशिवाय शोधलेली नाही, आणि एकही सुटलेली नाही.

तुला काटा का हवा ते मला कळतं. टाकी उचलून बघायला आता ताकद नाही. मग ज्याला टाकी उचलत नाही त्याने ट्रेलर कशाला न्यावा, हे मी ईस्टरला म्हणालो ते काही चूक नव्हतं. जनेललाही मी तेच पुन्हा सांगितलं आहे.

तरी तुझी हौस म्हणून सोबत एक मापयंत्र पाठवतो आहे. टाकीच्या तोंडाशी फिरवून बसवायचं. हिरवं म्हणजे भरपूर, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे संपलं. साध्या तीस पौंडी टाक्या घे, वर्लिनच्या होत्या तशा, आणि हे लाव. मग तो ट्रेलर उन्हाळाभर जनेलच्या अंगणात उभा कर आणि त्यात बसून कॉफी पी.

तुझा भाऊ,
गेलन

*

फर्गस फॉल्स, २४ एप्रिल

गेलन,

तुझं मापयंत्र परत पाठवते आहे. डब्याला चिकटपट्टी जास्त लावली आहे, उघडताना तुझा राग तिथे निघू दे.

हे यंत्र गॅस मोजत नाही, गॅसचा जोर मोजतं. टाकीत तळाशी पेलाभर गॅस उरला तरी जोर तेवढाच राहतो. म्हणजे ते हिरवं, हिरवं, हिरवं म्हणत राहणार आणि एक दिवस अंडी अर्धी कच्ची असताना विस्तव विझणार. थंडीत उलट. भरलेली टाकी असली तरी लाल दाखवणार. दुसऱ्याला अक्कल पाठवण्याआधी घरात उरली आहे का ते बघावं माणसाने.

काल मी वीस पौंडी दोन टाक्या आणल्या. पोलादी, आतमध्ये तरंगणारा गोळा, वर काटा. वीसच्या का, तर भरलेली मी एकटी उचलून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर ठेवू शकते म्हणून. ठेवली. दोन्ही. तुझी पाठ गेल्या वर्षी होडी उचलताना धरली होती तेव्हा कोणी तुला इमारतीत टाकायला निघालं नव्हतं.

ट्रेलर तिरका असला की काटा चुकतो, हे खरं. म्हणून आधी ट्रेलर सपाट करायचा, मग काटा बघायचा. चाकाखाली फळी सारायला मला येतं. तूच शिकवलं आहेस, विसरलास?

आणि आणखी एक ऐकून ठेव, मागून आरडाओरडा नको. टाक्यांवरच्या झाकणामुळे काटा दिसत नव्हता. दर वेळी झाकण काढायचं म्हणजे वैताग. मी करवत घेऊन झाकणाला खिडकी पाडली. वर्लिनने त्यावर रंगवलेल्या लून पक्ष्याच्या पोटातच ती आली, त्याला माझा इलाज नाही. टाकी तिथेच बसते.

मार्लिस

*

वडेना, ५ जून

मार्लिस,

या वेळी 'प्रिय' मीही लिहीत नाही.

लूनच्या पोटात भोक पाडलंस त्यावर मी महिनाभर गप्प बसलो. वर्लिनने ते चित्र दोन हिवाळे खपून काढलं होतं, तळघरात, एका दिव्याखाली, हे तुला मी सांगायचं का? पण आज त्याबद्दल लिहायचं नाही.

मेमोरियल डेला वर्लिनच्या थडग्यावर फुलं ठेवून आपण तुझ्याकडे कॉफीला बसलो. परतताना गाडीत आर्डिस म्हणाली, मार्लिसच्या स्वयंपाकघरात उंदीर मरून पडला आहे, शेगडीच्या मागे कुठेतरी, वासाने डोकं उठलं. दोन तास आपण तिथे बसलो आणि तू मजेत केक वाढत होतीस. आर्डिस म्हणते, तुझ्याकडचं दूधही नासलेलं होतं आणि तू ते नाकाशी नेऊन पुन्हा आत ठेवलंस.

तुला वास येत नाही. किती दिवसांपासून?

म्हणून काटा हवा होता. मला विचारतेस वीस की तीस, आणि खरं काय ते पोटात ठेवतेस. वास न येणारी बाई गॅसच्या टाक्या घेऊन एकटीच नदीकाठी जाणार! अगं, जळून कोळसा झालीस तर कळवायला तरी कोण येणार आम्हाला?

मी जनेलला सांगितलं. सांगणारच होतो. रागावायचं असेल तर रागाव, जिवंत राहून रागाव. ट्रेलरला गिऱ्हाईक आलं आहे.

गेलन

*

फर्गस फॉल्स, ८ जून

गेलन,

हो. मला वास येत नाही. सव्वादोन वर्षं झाली. चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लागलं, तेव्हा तूच मला गाडीतून घरी आणलंस. टाके पडले नाहीत म्हणून सगळे खूश झाले. आठवड्याने माझ्या लक्षात आलं की कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी लागतंय.

कोणाला सांगितलं नाही, कारण वर्लिन तेव्हा आजारी पडला होता आणि माझ्या नाकाची चौकशी करायला घरात जागा नव्हती. तो गेल्यावर त्याचं लोकरी जाकीट मी उशीवर ठेवायचे. जनेल ते तोंडाला लावून रडायची. म्हणायची, "आई, अजून बाबांचा वास येतो ना?" मी हो म्हणायचे. मला नुसती लोकर टोचायची. नवरा गेला आणि मला त्याचं जाकीटही मिळालं नाही, गेलन. हे तुला सांगायचं, म्हणजे तू जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाटून टाकणार?

तू माझी गोष्ट माझ्या मुलीला सांगितलीस. मला विचारलं नाहीस. ती परवा आली आणि माझ्या फ्रिजमधल्या बाटल्या एकेक करून हुंगत बसली, मी लहान मूल असल्यासारखी. सगळा राग तुझ्यासाठी राखून ठेवला आहे.

काटा मला त्यासाठीच हवा होता. ज्याचे डोळे जातात तो काठी घेतो, तो घरात कोंडून घेत नाही. रात्री निजताना काटा कुठे होता आणि सकाळी कुठे आहे, हे मी बघणार. मध्ये काही पेटवलं नसेल आणि काटा खाली आला असेल तर गॅस गळतोय. यात नाकाचं काम नाही. ट्रेलरच्या आत गळती झाली तर ओरडणारी पेटी आहे, ती मी नवी बसवली. बाहेरच्यासाठी काटा.

जनेल शेवटची एक संधी द्यायला तयार झाली आहे. ती गाडी चालवून ट्रेलर ऑटरटेल तळ्यावर आणून सोडेल. तीन दिवस मी माझ्या ट्रेलरमध्ये, तू आणि आर्डिस शेजारी तुमच्या स्वतःच्या ट्रेलरमध्ये. तू रोज तपासायचं. तू 'ठीक' म्हणालास तर किल्ल्या, नाहीतर गिऱ्हाईक. मी हो म्हटलं आहे. माझं नशीब तुझ्या नाकावर टांगलेलं मला मुळीच आवडलेलं नाही, पण येते आहे.

मार्लिस

*

फर्गस फॉल्स, २७ जून

गेलन,

तळ्यावरून येऊन आठवडा झाला. मी वाट बघत होते की तू जनेलला काय सांगतोस. काल कळलं. "जुनी नळी फाटली, वेळेवर सापडली, नशीब बलवत्तर. पण नशिबावर किती दिवस काढणार, विकून टाक." एवढंच सांगितलंस.

मग आता मी काय झालं ते लिहिते. पत्राची एक बरी गोष्ट, तुला पुरतं वाचावं लागेल.

शनिवारी निजताना काटा तीन चतुर्थांशावर होता. फ्रिज विजेवर, शेगडी पेटवलेली नाही, रात्री हीटरची गरज नव्हती. सकाळी उठून लूनच्या पोटात डोकावले तर काटा निम्म्याच्या खाली. ट्रेलर सपाट होता, पातळी बघायची पाण्याची पट्टी ठेवून मी पुन्हा बघितलं. तेवढ्यात तू आलास, तोंडात न पेटवलेला सिगार धरून, साहेब तपासणीला येतात तसा.

मी म्हटलं, गळतंय, मागे हो. तू हसलास. झाकण उचललंस, खाली वाकलास, नळीला नाक लावून दोनदा लांब श्वास घेतलास आणि म्हणालास, "चर्चसारखं स्वच्छ आहे. म्हटलं होतं ना, काटा खोटं बोलतो."

आणि खिशातून लायटर काढलास.

माझ्या हातात न्याहारीच्या धिरड्यांसाठी काढलेला उलथना होता. तो मी तुझ्या मनगटावर मारला. अजून वळ असेल तर असू दे. लायटर गवतात पडला, तू मला वेडी म्हणालास, मी टाकीची चावी बंद केली आणि तुला दंडाला धरून रस्त्यापर्यंत ओढत नेलं. मग पलीकडे चौथ्या जागेवरची ती लाल टोपीवाली बाई नाकाला रुमाल लावून बाहेर आली. चौथ्या जागेवरची, गेलन. म्हणाली, "तुमच्याकडे गॅस गळतोय का? केव्हापासून वास मारतोय."

तू काय म्हणालास आठवतंय? "हो हो, तोच शोधला आत्ता." आणि माझ्याकडे बघितलं नाहीस.

वारं सुटल्यावर, गॅस उडून गेल्यावर मी चावी जरा उघडून साबणाचं पाणी लावलं. नळीला हातभर लांबीवर फेस आला. तुझं नाक तिथे टेकलं होतं.

मेमोरियल डेलाही तू माझ्या स्वयंपाकघरात दोन तास बसलास. मेलेल्या उंदराशेजारी केकचे दोन तुकडे खाल्लेस आणि तिसरा मागितलास. उंदीर आर्डिसला कळला, तुला नाही. तरी पत्रात मला विचारतोस, किती दिवसांपासून? इतके दिवस नाकाने कांदे सोलत होतास, आणि कांद्याचा वास तुला येत तरी होता का?

जनेलला मी अजून हे बोललेले नाही. का नाही बोलले ते मलाच कळत नाही. बहुतेक तुझा चेहरा बघितला म्हणून. लहानपणी तळ्यात पडून बाहेर निघालास तेव्हा असा झाला होता.

पण ट्रेलर विकला तर मी बोलेन. जनेललाही आणि तुझ्या मुलांनाही.

मार्लिस

*

वडेना, ५ जुलै

मार्लिस,

त्या दिवशी वारं तळ्याच्या बाजूने होतं. वारं असलं की वास इकडचा तिकडे जातो.

काल जनेलशी बोललो. ट्रेलर ठीक आहे असं सांगितलं. तू काटा बरोबर वाचतेस, नळी नवी घातली आहेस, मी स्वतः बघितलं आहे, असं सांगितलं. किल्ल्या देते म्हणाली. गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणून कळवलं.

एक विचारायचं होतं. माझ्या टाक्याही जुन्या झाल्यात. तुझ्यासारख्या घेतल्या तर तो काटा माझ्या टाक्यांवरच्या झाकणाला भोक न पाडता दिसतो का? आर्डिसला तिथे वाकायला लावायचं नाही. आणि तू रोज किती वाजता बघतेस? रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघावं लागतं का?

मनगट बरं आहे.

गेलन

[आतल्या घडीत, वेगळ्या शाईत]

मार्लिस, गेलनने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. त्याला माहीत नाही. जानेवारीत ताप आला तेव्हापासून त्याचं नाक गेलं आहे. मला सांगत नाही. दर वेळी दूध नाकाशी नेतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मी तोंड वाकडं केलं तर ओतून देतो, नाही केलं तर "ताजं आहे" म्हणतो. मी सहा महिने त्याच्यासाठी तोंड वाकडं करते आहे. तळ्यावर मी आंघोळीला गेले होते, म्हणून त्याला बघायला माझं तोंड नव्हतं. तू मारलंस ते बरं केलंस. आर्डिस.

*

मिसूरीचा काठ, १६ ऑगस्ट

प्रिय गेलन,

'प्रिय' चुकून पडलं. खोडायला दुसरा कागद नाही.

वीस पौंडीच घे. तीसच्या घेऊन मर्दुमकी दाखवायची आणि पुढे आर्डिसने पाठ चोळायची, असं नको. दुकानात टाकी हातात घेऊन काटा मोकळा हलतो का ते बघ, काचेत पाणी शिरलेलं असेल तर घेऊ नकोस. काट्याचं तोंड बाहेर करून बसव. झाकणाला भोक पाडावंच लागेल. तुझ्या झाकणावर काही रंगवलेलं नाही, तेव्हा रडारड नको.

रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा बघायचं. कॉफीच्या आधी आणि सिगारच्याही आधी. मध्ये काय पेटवलं होतं ते आठवायचं. मेळ बसला नाही तर आधी चावी बंद, मग साबणाचं पाणी, मग बोलणं. तुझं नेहमी बोलणं आधी असतं.

आणि नळ्या नव्या घाल. नव्या टाक्यांना मी वर्लिनच्या जुन्या नळ्या लावल्या, ही माझी चूक. पण एप्रिलमध्ये मी तुला विचारलं होतं, कशाकशाकडे लक्ष द्यायचं. तेव्हा तू नाकाच्या बढाया मारण्यात गुंतला होतास. त्या पत्राचा राग मला इथे येईपर्यंत पुरला, सगळा नॉर्थ डकोटा त्यावर ओलांडला.

जनेलचा परवा फोन आला होता. विचारत होती, मामा एकदम कसे बदलले? मी म्हटलं, वय झालं त्याचं. त्यापुढे काही सांगितलं नाही आणि सांगणार नाही. तुझ्या मुलांनाही नाही. विकला तर बोलेन म्हणाले होते, ते रागात. आता तुझी गोष्ट तूच सांग. आर्डिसपासून सुरुवात कर, तिच्या तोंडाला जरा विश्रांती मिळेल.

इथे सकाळी वर्लिनचं जाकीट घालून बाहेर बसते. त्याला वास नाही. पण गार वाऱ्यात ते ऊब देतं, आणि लोकर मानेला टोचते तशी त्याची दाढी टोचायची. हे मला घरात उशीशी बसून कधी कळलं नसतं. म्हणून मला यायचं होतं. तू विचारलं नव्हतंस, मीच विचारू नकोस म्हटलं होतं.

राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. आर्डिसने कळवलं आहे की नव्या टाक्या बसल्या की तुम्ही निघाल. इथे गर्दी आहे, म्हणून शेजारच्या जागेवर वर्लिनची खुर्ची मांडून ती जागा मी धरून ठेवली आहे. पट्टी ठेवून बघितलं. सपाट आहे, काटा खरं सांगेल.

मार्लिस